कसं येणं केलंत?

कालपासून आमच्या घरी लाल नळाला गार आणि निळ्या नळाला गरम पाणी यायला लागलं. दोहात राहणाऱ्याला यात सांगण्यासारखं काही नाही. पण वसईच्या माझ्या मावसभावाला मी हे दर वर्षी फोनवर सांगतो आणि दर वर्षी त्याला वाटतं, आंतोन थापा मारतोय. उन्हाळा चढला की गच्चीवरची टाकी अशी तापते की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. मग आम्ही गीझर बंदच करून टाकतो. त्यातलं पाणी घरातल्या एसीत निवांत गार होत बसलेलं असतं, ते लाल खुणेच्या नळातून घ्यायचं. पाहुणा आला की त्याला आधी हे शिकवावं लागतं, नाहीतर तो बाथरूममधून हाका मारतो.

नळ उलटे झाले की समजायचं, दुपारच्या सुट्टीचे दिवस आले. या दिवसांत उघड्यावरची कामं ऊन वर आलं की थांबवायची आणि कलल्यावरच पुन्हा हाती घ्यायची, असा इथला नियम. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या गल्लीत गटाराचं खोदकाम चालू आहे. सकाळी तिथे इतका खडखडाट असतो की माझ्या बायकोला, सेलीनला, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. मग एकाएकी सगळं थांबतं. खोदायचं यंत्र मान खाली घालून उभं राहतं, माणसं बसमध्ये बसून निघून जातात, आणि रस्त्यावर उरतात ती फक्त शेजारच्या व्हिलाची खजुराची झाडं. त्यांच्या घडांना जाळीच्या पिशव्या बांधलेल्या असतात. हवा इतकी दमट की दार उघडलं की चष्म्यावर धुकं येतं. अरब लोक या दमटपणाला रुतूबा म्हणतात. मला तो शब्द आवडतो, हवा मात्र अजिबात आवडत नाही.

ही दुपारची शांतता आली की मला दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो आणि माझी छाती फुगते. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मी बोलका माणूस आहे आणि मनातलं दाबून ठेवणं मला जमत नाही. सेलीन म्हणते, मी कामाला आहे त्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये मी सलाईनच्या बाटल्यांशीही गप्पा मारत असणार. तिचं तसं फार चुकत नाही.

त्या उन्हाळ्यात आमची रोविना घरी होती. रोविना आमची एकुलती एक. दोहात वाढली, इंग्रजी शाळेत शिकली. मी तिच्याशी मराठीत बोलतो आणि ती मला इंग्रजीत उत्तर देते, यात आमचं दोघांचंही काही अडत नाही. युरोपातल्या एका विद्यापीठात ती पीएचडी करत होती. विषय होता आफ्रिकेतल्या कामगार संघटनांचा. वेगवेगळ्या देशांतल्या संघटना एकमेकींना कशा धरून राहतात, एकीचं दुखणं दुसरी आपलं मानते का, हे तिला शोधायचं होतं. केनिया, युगांडा आणि घाना इथल्या काही संघटनांनी आपसात ठरवलं होतं की एकीचा सभासद परदेशात अडला, तर जिचं माणूस तिथे जवळ असेल तिने धावून जायचं. कागदावर हे छान होतं. रोविनाच्या प्रोफेसरबाईंचं म्हणणं, कागद सगळेच करतात, हे कोणी जगतं का ते दाखव. उन्हाळा संपेपर्यंत दाखवता आलं नाही, तर विषय बदलावा लागेल.

विषय बदलायचा म्हणजे आधीची सगळी मेहनत पाण्यात. रोविनाने तसं बोलून दाखवलं नाही. पण जेवताना ती भाताचे ढीग करायची आणि मग ते ढीग सारखे करायची. लहानपणी परीक्षेच्या दिवसांत ती हेच करायची.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून बाहेर पडताना वसईची मंडळी सावली धरून उभी राहतात. तिथे सगळ्यांच्या मुलांची चौकशी होते. कोणाचा मुलगा बँकेत, कोणाची सून आयसीयूत नर्स. माझी पाळी आली की मी सांगायचो, रोविना आफ्रिकेतल्या युनियनवर संशोधन करते.  मग कोणीतरी मायेने विचारायचं, "पण मग नोकरी कशात मिळणार?" एकदा आमच्या पाव्लूने तर विचारलं, "आफ्रिकेतल्या युनियनवर? आणि ते दोहात बसून?" मी म्हटलं, "अरे, तू दोहात बसून वसईच्या राजकारणावर बोलतोस ते चालतं ना?" पाव्लू हसला. मी पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने.

पाव्लूच्या प्रश्नाचं खरं उत्तर बिरकत अल अवामेरला होतं. शहराच्या दक्षिणेला कामगारांच्या राहण्याच्या इमारती आहेत, एकसारख्या, ओळीने. रोविना माणसांना भेटायला तिथे जायची आणि मी तिचा ड्रायव्हर. मला गाडीतून उतरायची परवानगी नव्हती. "पप्पा, तू उतरलास की त्यांची मुलाखत तूच घेशील," ती इंग्रजीत म्हणायची. मी एसी लावून बसायचो आणि काचेतून बघायचो. दोरीवर वाळत घातलेले निळे कपडे, फुटपाथवर केस कापून घेणारा माणूस, कुठल्यातरी खोलीतून येणारा तळलेल्या मासळीचा वास. दुकानासमोर नेपाळी, बंगाली, तमिळ, तेलुगू माणसं, आणि त्यांच्यात उंचपुरे आफ्रिकन, कोणी सिक्युरिटीत, कोणी ट्रकवर. इथे परदेशी माणसाला युनियन काढता येत नाही. मंडळं असतात, जेवणं असतात, एकमेकांचे फोन नंबर असतात. त्यातूनच काय ते चालतं. आपल्या देशात युनियनचं काम केलेली माणसं इथे येऊन गेटवर उभी राहतात, तेव्हा ते काम त्यांच्या अंगातून जात नाही. हे मला रोविनाने परतीच्या वाटेवर सांगितलं. गाडीत ती माझ्याशी बोलायची, तिथे मला बोलायची मुभा होती.

सहकार या शब्दाशी माझं नातं तसं थट्टेचंच. वसईत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर या शब्दाने पहिली येते ती सोसायटीची वार्षिक सभा. केळी बागायतदारांची सोसायटी, पतपेढी, दूध. सभेत खुर्च्या कमी आणि हरकती जास्त. माझे वडील सभेला जाताना पांढरा शर्ट घालायचे आणि येताना आवाज बसलेला असायचा. तरी सकाळी बैलगाड्यांत सगळ्यांचे घड एकत्रच भरले जायचे, हेही मी पाहिलंय. भांडणारी माणसं घड उचलताना एकमेकांना हात देत होती. दोहात आम्ही भांडण तेवढं बरोबर आणलं. इथे वसईकरांचे दोन ग्रुप आहेत, दोन्ही हाउजी खेळतात, दोन्ही एकाच शुक्रवारी. माझ्यासारखा माणूस अर्धा वेळ इकडे आणि अर्धा तिकडे काढतो, म्हणून दोघांनाही माझा संशय येतो. त्यामुळे तीन देशांच्या संघटना एकमेकींसाठी धावतात, हे ऐकल्यावर माझ्या मनातही पहिल्यांदा प्रोफेसरबाईंचाच प्रश्न आला होता.

रोविनाने ठरवलं की भेटलेल्यांपैकी तीन देशांच्या तिघांना एकत्र बसवायचं. एकेकट्याने बोलताना ते आपापल्या संघटनेचं कौतुक करत होते; एकत्र बसले तर खरं-खोटं कळेल. जागा आमचं घर, वेळ शुक्रवारची दुपार. त्या आठवड्यात तिघांचीही सुट्टी जुळली होती आणि पुन्हा कधी जुळेल ते सांगता येत नव्हतं. अल गराफाच्या एका शाळेत साफसफाईच्या बायकांवर देखरेख करणारी केनियाची वांजिरू. बिरकत अल अवामेरला एका गोदामाच्या गेटवर सिक्युरिटीत असलेला युगांडाचा ओकेलो, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. आणि घानाचा क्वामे, क्रेन चालवणारा, माझ्याच वयाचा, दाढीत पांढरे केस असलेला.

सेलीनने सकाळपासून हमूर मासा तळायला घेतला, वसईच्या पद्धतीचं झणझणीत इंद्याल केलं, पिठाचे तळलेले फुगे केले. रोविनाने टेबलावर रेकॉर्डर ठेवला, प्रश्नांचा कागद ठेवला, ज्यूसचे छोटे खोके मांडले. मग ती माझ्याकडे आली.

"पप्पा, इट्स अ मीटिंग. विल यू सिट इनसाइड?"

"बसेन की. आत म्हणजे कुठे?"

"इन द किचन. प्लीज. इफ यू स्टार्ट अ स्टोरी, इट्स फिनिश्ड."

मी बसलो. स्टुलावर, फ्रिजला पाठ टेकून. पाहुणे आले, बुटांचा आवाज झाला, नमस्कार-चमत्कार झाले. मी दारातून हात हलवला आणि वचन पाळायला मागे फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरी पाहुणे होते आणि मी त्यांना नावगाव विचारलं नव्हतं. फुगे खाऊन बघायचा प्रयत्न केला, तर सेलीनने माझ्या हातावर चापट मारली.

बाहेर रोविना बोलत होती. तिने विषय सांगितला, प्रश्न विचारला. क्वामे म्हणाला, "यस, यस, थँक यू." वांजिरू म्हणाली, "व्हेरी गुड." ओकेलो काहीच बोलला नाही. रोविनाने दुसरा प्रश्न विचारला. पुन्हा यस, थँक यू. तीन माणसं सोफ्यावर सरळ बसून होती, ज्यूसला कोणी हात लावला नव्हता. एसीचा घरघराट तेवढा ऐकू येत होता. रोविनाचा आवाज हळूहळू पातळ झाला. मी तो आवाज ओळखतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला पुढची ओळ आठवेनाशी झाली होती तेव्हा तिचा आवाज असाच झाला होता आणि मी प्रेक्षकांतून उठून ती ओळ सांगितली होती, म्हणून ती माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती. म्हणून मी स्टूल घट्ट धरून बसलो.

ती पाणी प्यायच्या निमित्ताने आत आली. तिचे डोळे भरलेले होते. "दे डोन्ट वॉन्ट टु टॉक टु इच अदर," ती म्हणाली. "मॅडम वॉज राइट. इट्स ओन्ली ऑन पेपर."

सेलीनने तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या खोक्यांकडे. "त्यांना पाणी दिलंस का?" तिने विचारलं.

"देअर इज ज्यूस, मम्मी."

 सेलीनने स्टीलचे पेले काढले, लाल नळ उघडून पाण्याला हात लावून पाहिला, मग विचार बदलून फ्रिजमधली बाटली घेतली. पेले भरले, ट्रे माझ्या हातात दिला. "जा. पण जास्त बोलू नको."

मी बाहेर गेलो. आधी क्वामेपुढे ट्रे धरला, तो वयाने मोठा म्हणून. त्याने दोन्ही हातांनी पेला घेतला, घोटभर पाणी प्यायला. मग वांजिरूने, मग ओकेलोने. मी रिकामा ट्रे छातीशी धरून उभा राहिलो. क्वामे माझ्याकडे बघत होता. नुसता बघत नव्हता, वाट बघत होता. त्या नजरेसमोर मला वसईतली आमची पडवी दिसायला लागली. मुलगी बघायला माणसं यायची. ती कशासाठी आलीत हे आख्ख्या आळीला ठाऊक असायचं, आत मुलगी तयार होऊन बसलेली असायची. तरी पाणी झाल्यावर वडील गंभीरपणे विचारायचे, आणि ते विचारेपर्यंत पाहुण्यांपैकी कोणी विषयाला हात घालायचं नाही. मी ट्रे खाली ठेवला, खुर्ची ओढून बसलो, आणि माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत वडिलांचंच वाक्य विचारलं. मग, आमच्याकडे कसं येणं केलंत?

क्वामेने पेला टेबलावर ठेवला. तो सोफ्याच्या कडेला सरकून बसला, घसा साफ केला, आणि त्याचा आवाजच बदलला. "या घरात शांतता आहे ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आहे, देवाची कृपा." "आमच्याकडेही शांतता आहे," तो म्हणाला. "आम्ही वाईट बातमी घेऊन आलेलो नाही. तुमच्या मुलीने बोलावलं म्हणून आलो. आमच्या संघटनांनी जे ठरवलं, ते आम्ही पाळतो की नाही, हे तिला बघायचंय. आता तुम्ही विचारलंत, तर सांगतो."

मग त्याने रोविनाकडे वळून हसत समजावलं. त्याच्या गावी पाहुण्याला आधी पाणी देतात आणि घरातला मोठा माणूस येण्याचं कारण विचारतो. कारण माहीत असलं तरी विचारतो. त्याआधी पाहुण्याने तोंड उघडायचं म्हणजे घराचा अपमान. "तुझे वडील दारात दिसले आणि आत गेले. मला वाटलं, आता येतील, मग येतील." वांजिरू म्हणाली, "आमच्याकडे इतकं कडक नाही. पण हे मोठे गप्प, मग आम्ही कसं बोलणार?"

रोविनाने माझ्याकडे पाहिलं. मी उठायला लागलो. ती म्हणाली, "पप्पा, सिट."

मग जे बोलणं सुरू झालं ते दुपार कलली तरी थांबेना. आदल्या उन्हाळ्यात ओकेलोच्या गेटवरच्या केबिनचा एसी बंद पडला होता. पत्र्याची केबिन, बाहेर ऊन. सांगून सांगून थकल्यावर तो एक दिवस तिथेच कोसळला. कंपनी कोणती ते मी लिहीत नाही, तेव्हाही त्याने नाव घेतलं नव्हतं. त्याच्या कंपालातल्या संघटनेचं इथे कोणीच नव्हतं. तिथून फोन नैरोबीला गेला आणि नैरोबीहून वांजिरूला. वांजिरू त्याला ओळखत नव्हती. सुट्टीच्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली आणि रिसेप्शनला म्हणाली, मी याच्या घरची. "खोटं नव्हतं ते," ती म्हणाली. "माझ्या संघटनेने सांगितलं म्हणजे घरचाच झाला." क्वामे घानात सुरक्षिततेचं काम बघायचा. ओकेलोचं म्हणणं कोणत्या खात्यात आणि कसं मांडायचं, हे त्याने शेजारी बसून सांगितलं, त्याच्याबरोबर गेला. महिन्याच्या आत केबिन बदलली. आता सगळ्याच गेटांवर चालू एसी आहे, ओकेलो म्हणाला. तो पहिल्यांदाच बोलत होता. बोलताना त्याने वांजिरूकडे पाहिलं नाही, पण जेवताना माशाचा चांगला तुकडा आधी तिच्या ताटात घातला.

रोविना लिहीत नव्हती. रेकॉर्डर चालू होता की नाही हेही तिने पाहिलं नव्हतं. मीच हळूच वाकून पाहिलं, चालू होता.

मला त्या तिघांचा अभिमान वाटला. माझे ते कोणी नव्हते, तरी वाटला. दिवसभर उभं राहून पाय दुखलेले असताना, ज्या मुलखात आपण पाहुणे तिथे, एकाने दुसऱ्याला आपला म्हणायचं आणि मग ते निभवायचं. मला माझ्या वडिलांचा बसलेला आवाज आठवला आणि त्यांच्या सभेची मी जी टिंगल करतो ती थोडी कमी करावीशी वाटली. सगळी नाही, थोडी. आणि रोविनाचा अभिमान तर किती सांगू. आम्ही तिच्या वयात असताना या गल्फमध्ये मान खाली घालून आलो, काम केलं, घर बांधलं. खोलीत शेजारच्या बेडवर झोपणारा माणूस कसा जगतो, हे विचारायची आम्हाला सवड नव्हती. तिने तेच विचारायला आयुष्यातली वर्षं दिली. आणि ऐकायला माणसं आपल्या घरी आणली.

निघताना क्वामेने पुन्हा परवानगी मागितली. जाण्याचीही रीत असते. मी म्हटलं, या पुन्हा. "इन्शाल्ला," तो म्हणाला.

पावसाळ्यासारखं काही इथे येत नाही. सप्टेंबर सरता सरता एके सकाळी निळा नळ पुन्हा गार होतो, एवढंच. त्या वर्षी तो गार झाला त्याच आठवड्यात प्रोफेसरबाईंचं उत्तर आलं. विषय बदलायचा नव्हता. उलट, त्या दुपारचं एक स्वतंत्र प्रकरण लिही, असं त्यांनी कळवलं होतं. चर्चबाहेर मी ते सगळ्यांना सांगितलं. पाव्लूला दोनदा सांगितलं.

आता पुन्हा नळ उलटे झालेत. रोविना घरी नाही. ती घानात, अक्राला आहे. तिथे वेगवेगळ्या देशांच्या संघटनांची मोठी बैठक आहे, आणि त्या बैठकीत रोविनाला आपलं प्रकरण वाचायला बोलावलंय. वांजिरूची संघटना आलीय, ओकेलोचीही. क्वामे मात्र इथेच, क्रेनवर. तिच्यासाठी त्याने फोनवर निरोप धाडला नाही, स्वतः घरी येऊन, पाणी पिऊन, मग सांगून गेला.

आज दुपारी बाहेरचं खोदकाम थांबलं आणि फोन वाजला. रोविना होती. मागे खूप माणसांचे आवाज, कुठेतरी गाणं. मी विचारलं, "कसं झालं?"

"पप्पा, अजून व्हायचंय. आत्ता नुसतं स्वागत झालं." ती चक्क मराठीत बोलत होती, अडखळत, पण मराठीतच. "सगळ्यांना पाणी दिलं. मग एक म्हातारी बाई आहेत इथल्या, त्यांनी एकेकाला विचारलं, कसं येणं केलंत, कोणी पाठवलं. सगळ्यांनी आपापल्या युनियनची नावं सांगितली. माझी पाळी आली. माझी तर कुठलीच युनियन नाही."

"मग? विद्यापीठाचं नाव सांगितलंस?"

"नाही. मी सांगितलं, दोहाला ओल्ड एअरपोर्टमध्ये एक घर आहे, तिथून आले. माझ्या पप्पाने पाठवलं."

मागून कोणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, "यल्ला, चल, पप्पा, जाते," आणि फोन ठेवला.

सेलीन किचनमधून बाहेर आली. हात पुसत तिने विचारलं, "काय म्हणाली?"

मी खुर्चीत बसलो. "आधी पाणी दे," मी म्हटलं. "मग सांगतो."